औषधाच्या दुकानात मलेरियाची रॅपिड तपासणी: किट उघडण्याआधी आणि रेषा दिसल्यानंतर

मलेरियाचं रॅपिड किट हाताळायला सोपं आहे, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच होतो. बोट टोचा, थेंब टाका, थांबा, रेषा बघा. एवढंच तर आहे, असं म्हणून शिकवणी अर्ध्या दिवसात उरकली जाते आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. महिन्याभराने नोंदवही उघडली की तीच चित्रं पुन्हा दिसतात. निगेटिव्ह आलेल्यांना ‘सेफ साइड’ म्हणून मलेरियाच्या गोळ्या दिलेल्या. पाच मिनिटांत वाचलेले निकाल. फिकट रेषेपुढे लिहिलेलं ‘डाउटफुल’. आणि घरी तापलेल्या मुलासाठी, मूल न बघताच दिलेलं औषध.

ताप आला की माणूस आधी जवळच्या औषधाच्या दुकानात जातो. तिथे नीट तपासणी झाली तर मलेरिया असलेल्याला औषध वेळेत मिळतं आणि नसलेल्याच्या तापाचं खरं कारण शोधायला वेळ उरतो. मलेरियाची शंका असलेल्या प्रत्येकाची आधी तपासणी, मग औषध, असं जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते आहे. हे दुकानात कसं उतरवायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

## टप्पा १: परवानगी, पाठवणीचं ठिकाण आणि पैसे आधी ठरवा

किट मागवण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात.

पहिली परवानगी. औषध विकण्याचा परवाना म्हणजे रक्त काढण्याचा परवाना नव्हे. दुकानात बोट टोचायला तुमच्याकडच्या कायद्यात मुभा आहे का, प्रशिक्षण कोणाकडून घ्यावं लागतं आणि पॉझिटिव्ह आल्यावर दुकानदाराने औषध द्यायचं की फक्त पाठवायचं, हे स्थानिक आरोग्य खात्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल हो’ वर सुरू केलेलं काम पहिल्या तक्रारीला बंद पडतं.

दुसरी गोष्ट पाठवणीची. गंभीर पेशंट कुठे जाणार, ते केंद्र रात्री उघडं असतं का, तिथे जायला वाहन काय, फोन कोण उचलतो? त्या केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना प्रत्यक्ष भेटून तुमची संदर्भ चिठ्ठी दाखवा. ओळख असली की चिठ्ठी वाचली जाते, नाहीतर पेशंटला पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागतं.

तिसरी पैशाची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी योजना बहुतेक वेळा इथेच फसते. औषध विकलं तर नफा आणि निगेटिव्ह आलं तर काहीच नाही, अशी रचना असेल तर प्रशिक्षण कितीही चांगलं असो, गोळ्या विकल्याच जातील. दुकानदार लबाड असतो असं नाही, त्यालाही घर चालवायचं असतं. म्हणून तपासणीचं शुल्क वेगळं ठेवा, आधी सांगा आणि निकाल काहीही आला तरी तेवढंच घ्या. ‘निगेटिव्ह आलं तर पैसे परत’ असं कधीही नको, कारण मग निगेटिव्ह म्हणजे दुकानाचा तोटा होतो. शुल्क मलेरियाच्या औषधाच्या किमतीहून कमी असावं. तपासणी औषधाहून महाग असेल तर गिऱ्हाईक सरळ म्हणतं, ‘तपासणी राहू द्या, गोळ्याच द्या.’

तपासा: दर, परवानगी आणि संदर्भ केंद्राचा फोन नंबर दुकानात समोर लावला आहे का?

## टप्पा २: किट निवडा आणि उन्हापासून जपा

किट रक्तातले मलेरियाचे परजीवी थेट दाखवत नाही, परजीवीने सोडलेली प्रथिनं पकडतं. एचआरपी-२ हे प्रथिन परजीवीची फाल्सिपेरम ही एकच जात सोडते, तर एलडीएच हे प्रथिन मलेरियाच्या सगळ्या जातींत असतं. तुमच्या भागात व्हायव्हॅक्स ही दुसरी जातही असेल तर फक्त फाल्सिपेरम ओळखणारं किट पुरणार नाही, दोन्ही ओळखणारं घ्या. काही प्रदेशांत फाल्सिपेरमच्या परजीवीतून एचआरपी-२ चं जनुकच गळालेलं आढळतं. तिथे फक्त त्यावर चालणारं किट मलेरिया असूनही निगेटिव्ह दाखवतं. म्हणून किटची निवड मनाने न करता आरोग्य खात्याने तुमच्या भागासाठी ठरवलेलं किट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीत (दर्जा तपासून मान्य केलेल्या किटच्या यादीत) ते आहे का, हेही बघा. आणि एका वेळी दुकानात एकाच कंपनीचं किट ठेवा. दोन प्रकार आले की थेंबांची संख्या आणि थांबायची वेळ यांची सरमिसळ ठरलेलीच.

साठवण हा दुर्लक्षित विषय आहे. बहुतेक किटवर कमाल ३० किंवा ४० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. पत्र्याच्या छपराखाली, दुपारी, सगळ्यात वरच्या फळीवर याहून जास्त ताप साठतो. उष्णतेने खराब झालेलं किट बाहेरून अगदी नवं दिसतं आणि खोटं निगेटिव्ह देतं. पेटी खालच्या फळीवर, भिंतीपासून दूर, सावलीत ठेवा. शेजारी साधा थर्मामीटर टांगा आणि दुपारचं तापमान रोज लिहा. पेटी गोठू देऊ नका. थंड जागेतून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर आत दव धरतं.

सावधान: पाकिटातली सिलिका जेलची पुडी ओलाव्याने रंग बदलणारी असेल आणि रंग बदललेला दिसला, किंवा पाकिटाला बारीकसं भोक असलं, तर ते किट टाकून द्या. आधी मुदत संपणारं आधी वापरा.

## टप्पा ३: टेबल मांडा

काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत तपासणी करू नका. पडद्यामागे एक सपाट टेबल, दोन खुर्च्या आणि भरपूर उजेड हवा. टेबलावर किट, स्पिरिटचा बोळा, निर्जंतुक लॅन्सेट (बोट टोचायची बारीक सुई), हातमोजे, टायमर, पेन, नोंदवही आणि सुया टाकायचा जाड, न टोचणारा डबा ठेवा. हा डबा हाताच्या अंतरावर असावा. चार पावलांवर असला की वापरलेलं लॅन्सेट ‘क्षणभर’ टेबलावर ठेवलं जातं, आणि बोटाला टोचतं ते तिथेच.

टायमर वेगळा घ्या. ‘अंदाजे पंधरा मिनिटं झाली असतील’ हा अंदाज गिऱ्हाइकांच्या गडबडीत सात मिनिटांचा ठरतो.

शिकताना प्रत्येकाने निरीक्षकासमोर किमान दहा-बारा तपासण्या स्वतःच्या हाताने कराव्यात, असा माझा आग्रह असतो. फक्त बघून हे काम येत नाही.

## टप्पा ४: टोचण्याआधी विचारा

पेशंट समोर बसला की किटला हात लावू नका. आधी धोक्याची लक्षणं बघा:

- झटके येत आहेत किंवा येऊन गेले आहेत
- शुद्ध हरपली आहे, गुंगी आहे किंवा मूल फारच मलूल आहे
- मूल पीत नाही, अंगावर घेत नाही
- खाल्लं-प्यायलं सगळं उलटून पडतं
- श्वास लागतो, डोळे पिवळे झाले आहेत, लघवी काळपट होते, अंग पांढरंफटक पडलं आहे किंवा कुठून रक्त येतं आहे

यातलं एकही लक्षण असेल तर निकालाची वाट न बघता लगेच पाठवा. पंधरा मिनिटं इथे फार महाग पडतात. अगदी लहान बाळं (दोन महिन्यांखालची किंवा ५ किलोपेक्षा कमी वजनाची) आणि गरोदर स्त्रियांवर दुकानात उपचार करू नका, त्यांना केंद्रात पाठवा.

मग तीन प्रश्न. गेल्या दोन दिवसांत ताप आला का? ताप नसेल तर तपासणी करू नका. गेल्या महिन्याभरात मलेरियाचं औषध घेतलं का? एचआरपी-२ हे प्रथिन पेशंट बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे रेषा जुन्या आजाराची असू शकते. अशा पेशंटला काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासण्यासाठी पाठवा. औषध लागू पडलं का, हे बघायलाही हे किट वापरायचं नसतं. तिसरा प्रश्न: पेशंट कुठे आहे?

हा तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण रोज उपयोगी पडतो. ‘दादा, पोरगं घरी तापलंय, गोळ्या द्या’ असं म्हणत बाप येतो. त्याची घाई खरी असते. तरीही नियम एकच: ज्याला ताप आहे तो समोर नसेल तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर मलेरियाचं औषध नाही. मुलाला घेऊन या, किंवा मूल हलवण्यासारखं नसेल तर थेट दवाखान्यात न्या, असं सांगा.

## टप्पा ५: तपासणीचा क्रम

१. किटबरोबरचा कागद उघडून समोर ठेवा. मुदत तपासा. पेशंटला काय करणार ते सांगा आणि त्याची संमती घ्या.

२. प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे. मग पाकीट फोडा. फोडलेलं किट लगेच वापरायचं, सकाळी चार-पाच फोडून ठेवायचे नाहीत.

३. कॅसेटवर (पट्टी बसवलेल्या प्लास्टिकच्या चपट्या तुकड्यावर) पेशंटचं नाव लिहा. दोन भावंडं एकाच वेळी आली तर नावाशिवाय ठेवलेल्या दोन कॅसेट कुणाच्या, हे देवालाही सांगता येणार नाही.

४. ज्या हाताने पेशंट कमी काम करतो त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट घ्या. स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमध्ये रक्त पसरतं आणि थेंब धरत नाही.

५. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. लॅन्सेट तसंच थेट सुयांच्या डब्यात, टेबलावर ठेवायचं नाही.

६. किटबरोबर आलेल्या नळीने किंवा लूपने सांगितलं तेवढंच रक्त घ्या. बहुतेक किटना साधारण ५ मायक्रोलिटर लागतं, म्हणजे अगदी चिमुकला थेंब. जास्त रक्त टाकलं तर पट्टी लालभडक होते आणि रेषा त्यात बुडते. बोट दाबून दाबून पिळू नका.

७. रक्त रक्ताच्या खाचेत, बफर (किटबरोबरच्या बाटलीतलं द्रावण) बफरच्या खाचेत. चूक सगळ्यात जास्त इथे होते. बाटली सरळ उभी धरून कागदावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका. कुणाला दोन लागतात, कुणाला चार. एका किटचा बफर दुसऱ्या किटला कधीच नको आणि बफरऐवजी पाणी तर नकोच.

८. बफर पडताच टायमर लावा आणि वेळ कॅसेटवर लिहा. कॅसेट सपाट राहू द्या, हलवू नका.

तपासा: थोड्या वेळाने रक्ताचा लाल पूर पट्टीवरून पुढे सरकताना दिसतो का? सरकत नसेल तर बफर कमी पडला किंवा किट खराब आहे. नव्या किटने पुन्हा करा, पेशंटकडून दुसऱ्यांदा पैसे घेऊ नका.

## टप्पा ६: रेषा वाचणं

कागदावर १५ मिनिटं लिहिली असतील तर पंधराव्या मिनिटाला, २० असतील तर विसाव्याला वाचा. आधी वाचलं तर थोडे परजीवी असलेल्या पेशंटची रेषा अजून उमटलेली नसते. कागदावरची शेवटची मुदत उलटल्यावर वाचलं तर पट्टी वाळताना उमटलेली खोटी रेषा दिसू शकते.

कॅसेटवर ‘सी’ (कंट्रोल, किट चाललं की नाही) आणि ‘टी’ (टेस्ट, मलेरिया आहे की नाही) अशी अक्षरं असतात. आधी बघायची ती ‘सी’ची रेषा. ती नसेल तर निकाल रद्द, मग ‘टी’पुढे कितीही ठळक रेषा असो.

‘सी’ आहे आणि ‘टी’पुढे काहीच नाही, म्हणजे निगेटिव्ह.

‘सी’ आहे आणि ‘टी’पुढे रेषा आहे, म्हणजे पॉझिटिव्ह. रेषा कितीही फिकट असो.

फिकट रेषेबद्दल पुन्हा सांगतो. मी एका दुकानात बसलो होतो तेव्हा दुकानदाराने कॅसेट बल्बखाली तिरकी धरली, डोळे बारीक केले, मला दाखवली आणि म्हणाला, ‘आहे आणि नाहीपण.’ गुलाबी, केसाएवढी रेषा होती. तो वहीत निगेटिव्ह लिहिणार होता. आम्ही कॅसेट दारात नेली आणि उजेडात रेषा स्वच्छ दिसली. दिसली म्हणजे आहे. फिकटपणावरून आजार सौम्य आहे असं ठरवायचं नाही आणि दुसरं किट फोडून ‘बघू या ठळक येते का’ असंही करायचं नाही. शंका असेल तर कॅसेट उजेडात न्या. नजर कमी असलेल्याने चष्मा लावूनच वाचावं.

किटला दोन ‘टी’ असतील तर कुठली रेषा कुठल्या जातीची, ते कागदावरचं चित्र दुकानात चिकटवून त्याच्याशी ताडून बघा. लक्षात ठेवून सांगायला जाऊ नका.

## टप्पा ७: पॉझिटिव्ह आलं तर

साध्या फाल्सिपेरमसाठी एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिन आणि दुसऱ्या औषधाची जोडगोळी. नुसतं आर्टेमिसिनिन वर्गातलं औषध तोंडाने देऊ नका. त्याने परजीवी औषधाला निर्ढावतात. इंजेक्शन दुकानात द्यायचंच नाही.

मात्रा वजनावरून ठरवा. वजनकाटा दुकानात हवा, ‘दिसायला पाच वर्षांचा वाटतो’ हे पुरेसं नाही. आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या २०/१२० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर एका वेळची मात्रा अशी: ५ ते १५ किलोखाली १ गोळी, १५ ते २५ खाली २, २५ ते ३५ खाली ३, आणि ३५ किलो व पुढे ४. तीन दिवसांत सहा वेळा. पहिल्या मात्रेनंतर आठ तासांनी दुसरी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. काहीतरी खाऊन किंवा दूध पिऊन घ्यायची, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर औषध नीट शोषलं जातं.

पहिली मात्रा दुकानातच, तुमच्यासमोर द्या आणि पेशंटला थोडा वेळ बसवा. अर्ध्या तासात उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्यावी लागते. घरी जाताना पुढच्या पाचही मात्रांच्या वेळा पाकिटावर लिहा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की बहुतेक जण गोळ्या थांबवतात, म्हणून हे वाक्य ठासून सांगा: ताप गेला तरी सहाही मात्रा पूर्ण करायच्या.

व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि पुन्हा ताप आणतो. त्यावरच्या प्रायमाक्विनने जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. तो निर्णय दुकानात घेऊ नका, चिठ्ठी देऊन पाठवा.

## टप्पा ८: निगेटिव्ह आलं तर

दुकानातल्या तपासणीची खरी परीक्षा इथे आहे. पेशंट तापलेला आहे, त्याने पैसे दिले आहेत, तासभर गेला आहे आणि तुम्ही म्हणता मलेरिया नाही. तो गोंधळतो, चिडतोही. अशा वेळी गप्प बसलेला दुकानदार शेवटी काहीतरी विकतो, आणि बऱ्याचदा ती अँटिबायोटिक असते. रॅपिड किट आल्यावर मलेरियाच्या गोळ्या कमी झाल्या, पण निगेटिव्ह आलेल्यांना अँटिबायोटिक जास्त दिल्या गेल्या, असं आफ्रिका आणि अफगाणिस्तानातल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. एक अंदाज सोडून दुसरा अंदाज धरण्यात काय मिळवलं?

काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी असं सांगायला शिकवतो: ‘ताई, या तपासणीत मलेरिया दिसत नाही. ताप आहेच, तो खोटा नाही, पण मलेरियाच्या गोळ्यांनी तो जाणार नाही. आता बाळाला आणखी काय होतंय ते बघू.’ आणि मग खरोखर बघा.

खोकला असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाखालच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांखालच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका धरून आजच पाठवा. जुलाब असतील तर ओआरएस आणि लहान मुलांना झिंक. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन नको. डेंग्यूची शक्यता असलेल्या भागात ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन कुणालाच नको, रक्तस्राव वाढू शकतो.

आजार अगदी नवा असताना परजीवी थोडे असतात आणि किटला सापडत नाहीत. त्यामुळे ‘दोन दिवसांत ताप उतरला नाही तर परत या किंवा केंद्रात जा, आणि मधे धोक्याचं काहीही दिसलं तर तेव्हाच जा’ हे प्रत्येक निगेटिव्ह पेशंटला सांगा. चिठ्ठीवर निकाल, तारीख आणि वेळ लिहून द्या. पुढचा डॉक्टर ती बघेल.

सावधान: ‘किट चुकलं असेल, गोळ्या द्याच’ असा आग्रह ओळखीच्या माणसाकडून होतो तेव्हा नाही म्हणणं सगळ्यात जड जातं. किटवर भरवसा नसेल तर काचपट्टीवर रक्त तपासायला पाठवा, गोळ्या देऊ नका.

## टप्पा ९: कचरा आणि टोचलेली सुई

लॅन्सेट आणि रक्ताची नळी सुयांच्या डब्यात. कॅसेट, हातमोजे, बोळा संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशवीत. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा आणि ठरलेल्या आरोग्य केंद्रात द्या. दुकानामागच्या उकिरड्यावर टाकलेली सुई मुलांच्या हाती लागते.

स्वतःला टोचलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच केंद्रात जा. एचआयव्ही टाळणारं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, ७२ तासांनंतर ते सुरू करत नाहीत.

## टप्पा १०: वही काय सांगते ते वाचा

प्रत्येक तपासणीची एक ओळ: तारीख, वय, वजन, किटचा लॉट नंबर, निकाल, काय दिलं, कुठे पाठवलं. महिन्याला एकदा निरीक्षकाबरोबर बसून चार गोष्टी मोजा. निगेटिव्ह असून मलेरियाचं औषध किती जणांना दिलं? हा आकडा शून्य असायला हवा. रद्द निकाल किती? ते वाढले तर हात चुकतोय किंवा पेटी तापली आहे. विकलेली औषधं आणि पॉझिटिव्ह निकाल जुळतात का? आणि मलेरियाच्या हंगामात ओळीने सगळे निगेटिव्हच येत आहेत का? तसं असेल तर तो लॉट बाजूला ठेवा, आरोग्य खात्याला कळवा आणि पुढच्या पेशंटना काचपट्टीवर तपासायला पाठवा.

किट संपण्याआधी मागणी नोंदवा. औषध आहे आणि किट नाही, असे दोन आठवडे गेले की अंदाजाने गोळ्या देण्याची सवय परत येते आणि ती मोडायला पुन्हा महिने लागतात. किट संपलंच, तर दारावर पाटी लावा आणि तापाच्या पेशंटला केंद्राचा पत्ता द्या.